सतरा वर्षांनंतरचा अल्बम : ‘इंडस क्रीड’चे पुनरागमन आणि श्रोत्यांची दाद

मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या आधीच्या अल्बमला सतरा वर्षे उलटून गेली होती. तो आधीचा अल्बम १९९५ सालचा. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. भारतात इंग्रजीतून स्वतःची गाणी रचणारे बँड मुळातच थोडे. त्यांतही एवढ्या दीर्घ खंडानंतर परतलेला आणि ज्याची वाट पाहणारा श्रोतृवर्ग खरोखर शिल्लक होता, असा बँड शोधू गेल्यास ‘इंडस क्रीड’चेच नाव प्रथम पुढे येते. या अल्बमचे स्वागत झाले; पण ते एकसुरी नव्हते. जुन्या चाहत्यांना जे ऐकायचे होते आणि बँडला जे ऐकवायचे होते, त्यांत अंतर होते. हे अंतर समजून घ्यायचे, तर वाट पाहणारे हे श्रोते कोण होते आणि त्यांनी मनात नेमके काय जपून ठेवले होते, येथून सुरुवात करावी लागते.

रंगभवनचे दिवस

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने हा बँड सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर हे सुरुवातीपासूनचे सदस्य. गायक उदय बेनेगल, की-बोर्डवादक झुबिन बालापोरिया, बासवादक मार्क सेल्विन, गिटारवादक जयेश गांधी ही मंडळी पुढील काळात त्याच्याशी जोडलेली प्रमुख नावे. त्या काळी महाविद्यालयीन महोत्सवांत वाजणारे बहुतेक बँड ‘डीप पर्पल’, ‘लेड झेपलिन’ यांसारख्या पाश्चात्त्य बँडची गाणी हुबेहूब वाजवीत असत. श्रोत्यांची दादही त्याच हिशेबाने मिळे. मूळ ध्वनिमुद्रिकेतील गिटारचा तुकडा जसाच्या तसा हाताखालून निघाला, की टाळ्या. अशा वातावरणात स्वतःच्या रचना घेऊन रंगमंचावर उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सवयीशीच झगडा होता. ‘रॉक मशीन’ने तो घेतला. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे दोन अल्बम आले. दुसऱ्याच अल्बमला ‘पुनरागमन’ अशा अर्थाचे नाव देऊन बँडने ते आधीच खर्चून टाकले होते, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. खरेखुरे पुनरागमन घडले, तेव्हा त्यांना ‘उत्क्रांत होणे’ या अर्थाचा शब्द निवडावा लागला.

या श्रोत्यांच्या आठवणींचा पत्ता बहुतांशी एकच आहे : धोबी तलावाजवळचे, झेविअर्स महाविद्यालयाच्या शेजारचे रंगभवन. उघड्यावरच्या या रंगमंचावर १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, ऐन पावसाळ्यात भरणारा. चिखल, भिजलेले कपडे आणि घसा बसेपर्यंतची ओरड यांच्यासकट तो एका पिढीच्या तारुण्याचा भाग बनला. मुंबईबाहेरची मुलेही येत. पुण्याहून सकाळच्या गाडीने निघून रात्री फलाटावर झोपून परतण्याची तयारी ठेवलेल्यांची संख्या कमी नव्हती. रॉक ऐकणे ही त्या काळी घरात फारशी सांगण्यासारखी गोष्ट नसे. त्यामुळे ज्यांनी ती गाणी तेथे ऐकली, त्यांच्या लेखी ती निव्वळ गाणी राहिली नाहीत.

पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. १९९१ नंतर ‘एमटीव्ही एशिया’ घरोघरी दिसू लागली आणि ‘टॉप ऑफ द रॉक’, ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्यांच्या चित्रफिती तिच्यावर झळकल्या. परदेशी बँडच्या रांगेत आपल्या शहरातील चेहरे पाहण्याचे अप्रूप त्या काळच्या प्रेक्षकालाच ठाऊक. ‘प्रिटी चाइल्ड’ला आशियातील प्रेक्षकांचा कौल मिळाला आणि ‘एमटीव्ही’चा पुरस्कारही. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. ‘ट्रॅप्ड’ हे गाणे या काळातले.

यश असे दारात आलेले असतानाच दिवस पालटले. ‘चॅनल व्ही’ आणि ‘एमटीव्ही’ यांनी भारतीय प्रेक्षकांसाठी स्वतंत्र वाहिन्या सुरू केल्या आणि थोड्याच अवधीत हिंदी पॉपची लाट आली. ध्वनिफीत कंपन्यांना हिंदीतून गाणारा एकटा गायक आणि त्याची चकचकीत चित्रफीत हे समीकरण अधिक सोयीचे वाटू लागले. इंग्रजीतून गाणाऱ्या पाच जणांच्या बँडला त्यात जागा उरली नाही. १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबले.

मधली तेरा वर्षे

उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यू यॉर्कला गेले व तेथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ हा नवा बँड उभारला. इतर सदस्य आपापल्या वाटेने गेले. बँडच्या बाजूने पाहिले, तर ही तेरा वर्षे एवढ्या दोन वाक्यांत आटोपतात. श्रोत्यांच्या बाजूने मात्र या काळात बरेच काही घडले.

प्रथम ती जागा गेली. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली लागू झाले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला आणि रुग्णालय व महाविद्यालय यांच्या सान्निध्यातील रंगभवन संगीताला मुकले. नियम योग्यच होता. रुग्णांच्या कानांवर विद्युत गिटारांचा मारा व्हावा, असे कोणी म्हणणार नाही. पण महानगरात त्याला पर्यायी जागा देण्याची निकड कोणाला भासली नाही, हेही तितकेच खरे. ‘इंडिपेंडन्स रॉक’ उपनगरांकडे सरकला. ‘रॉक मशीन’ नाही आणि रंगभवनही नाही, अशी दुहेरी पोकळी त्या पिढीच्या वाट्याला आली. आणि पोकळीत आठवणी भराभर वाढतात.

दुसरे म्हणजे ऐकण्याचे साधन बदलले. ज्या कॅसेटवर ही गाणी लोकांनी झिजवली, त्या कॅसेटचे यंत्रच घरातून हद्दपार झाले. सीडी आली, मागोमाग संगणकावरच्या संगीत-फाइली आल्या. जुनी गाणी ऐकायची तर मित्राने उतरवून दिलेली, खरखरणारी प्रत हाच अनेकांचा आधार होता. गाणे प्रत्यक्ष ऐकण्यापेक्षा आठवण्याचेच प्रसंग अधिक. आठवणीतले गाणे मूळ गाण्याहून नेहमीच अधिक सुरेल असते, आणि ‘इव्हॉल्व्ह’ची खरी स्पर्धा होती ती त्याच्याशी.

तिसरी गोष्ट साध्या हिशेबाची. १९८८ मध्ये जो अठरा वर्षांचा होता, तो २०१२ मध्ये बेचाळीस वर्षांचा झाला होता. बँडने पूर्वीसारखेच वाजवावे, असे त्याला मनापासून वाटत होते; तो स्वतः मात्र पूर्वीसारखा राहिलेला नव्हता.

आठ गाणी

२०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, तो अर्धा जुना आणि अर्धा नवा. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे पूर्वीचे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे दोघे पुढच्या पिढीतले. पुनरागमन करणारे बहुतेक बँड सुरुवातीला जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करतात आणि नव्या ध्वनिमुद्रणाचा विचार लांबणीवर टाकतात. त्यात पैसा आहे आणि धोका नाही. ‘इंडस क्रीड’ने मात्र नव्या रचनांचे काम हाती घेतले आणि दोन वर्षांनी आठ गाण्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ आला. त्याचे अंतिम ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. १९९१ सालचा ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ हा गाजलेला अल्बम ज्यांच्या हातून मिश्रित झाला, तेच हे पामर.

अल्बम ऐकताना पहिल्या काही मिनिटांतच जाणवते, की हा ‘प्रिटी चाइल्ड’च्या घराण्यातील संगीताचा पुढचा भाग नव्हे. ऐंशीच्या दशकातील रॉकमध्ये पहिल्या ऐकण्यातच ओठांवर बसणारे ध्रुपद असे. हजारो लोकांनी मुठी उंचावून एकत्र म्हणावे, या हेतूनेच ते बांधलेले असे. ‘इव्हॉल्व्ह’मधील गाणी तशी झटकन हाती लागत नाहीत. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘बुलेटप्रूफ’ ही गाणी थरांवर थर चढवत जातात. गिटारचा पोत जड आहे, की-बोर्ड सुरावट मिरवण्याऐवजी मागे धुक्यासारखे पसरून राहतो आणि तालाचा भार ड्रम्स व बास या दोन नव्या वादकांनी अशा रीतीने उचलला आहे, की गाण्याचा केंद्रबिंदूच थोडा खाली सरकला आहे. बेनेगल यांचा आवाज पूर्वीच्या उंच स्वरात क्वचितच जातो. वयाने आलेली मर्यादा म्हणून त्याकडे पाहता येईल. पण गाण्यांची बांधणीच अशी आहे, की त्यांना ती किंकाळी नकोच होती.

समीक्षकांनी अल्बमचे एकंदरीने स्वागत केले. आठवणींच्या भांडवलावर न जगण्याचा निर्णय त्यांना मोलाचा वाटला. ध्वनीच्या दर्जाबद्दल तर फारसा मतभेद होण्याचे कारणच नव्हते. आपल्याकडील ध्वनिमुद्रणगृहे दीर्घकाळ चित्रपटसंगीताच्या गरजेनुसार घडलेली. त्यांत गायकाचा आवाज पुढे आणि बाकी सारे मागे, हा शिरस्ता. रॉकमध्ये ड्रम्सचा आघात आणि गिटारची भिंत हीच गाण्याची शरीरयष्टी असते. ती पातळ झाली, की चांगली रचनाही केविलवाणी वाटते. ऐंशीच्या दशकातील भारतीय रॉक ध्वनिमुद्रणांचे हे जुने दुखणे ‘इव्हॉल्व्ह’मध्ये नाही. परदेशी अल्बमनंतर लगेच तो लावला, तरी आवाज खाली पडल्यासारखा वाटत नाही.

खरी फाळणी झाली ती सर्वसामान्य श्रोत्यांत. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना अल्बम आदरणीय वाटला, पण जिवलग वाटला नाही. त्यात खोट काढता येत नव्हती, आणि तो गुणगुणताही येत नव्हता. याउलट ज्यांनी रंगभवन पाहिलेच नव्हते, त्या विशीतल्या श्रोत्यांना हा अल्बम आपल्या काळाचा वाटला. मधल्या वर्षांत त्यांच्या कानांवर ‘टूल’, ‘पॉर्क्युपाइन ट्री’ यांसारख्या, गुंतागुंतीची रचना करणाऱ्या बँडचे संस्कार झालेले होते. त्यांना या गाण्यांचा संथ चढ ओळखीचा होता. अडचण एवढीच, की या तरुणांना ‘इंडस क्रीड’ची ओढ नव्हती, अनेकांच्या लेखी तो आई-वडिलांच्या पिढीचा बँड. ज्यांना ओढ होती त्यांना हे संगीत परके, आणि ज्यांना संगीत जवळचे त्यांना बँड परका, असा हा पेच होता.

वन्स मोअरची सवय

मराठी रसिकाला या पेचाची ओळख नव्याने करून द्यायला नको. संगीत नाटकाच्या वैभवकाळात वन्स मोअर घेत घेत नाटक पहाटेपर्यंत रेंगाळत असे. तेच पद, तीच तान, तीच जागा पुन्हा मिळावी, हा श्रोत्यांचा हट्ट. आणि तो पुरवणे हा गायक नटाचा धर्म मानला जाई. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट २०१५ मध्ये झाला, तेव्हा एका पिढीने तो मूळ नाटकातील गायकीच्या मापाने मोजला आणि दुसऱ्या पिढीने त्याच चित्रपटातून ती पदे प्रथमच ऐकली. दोघांची दाद खरी होती. दोघे दोन वेगळ्या कलाकृतींना दाद देत होते.

रॉकच्या मैफलीत हा हट्ट अधिक उघडपणे व्यक्त होतो. नव्या गाण्याच्या वेळी लोक पाण्याच्या बाटल्या आणायला जातात आणि जुन्या गाण्याचे पहिले दोन सूर वाजताच धावत परततात. रंगमंचावरील वादकाला हे सारे दिसत असते. ‘इंडस क्रीड’ला पुनरागमनानंतर जुनी गाणी पूर्णपणे टाळता आली नाहीत, टाळण्याचे कारणही नव्हते. मात्र ध्वनिमुद्रणात त्यांनी श्रोत्यांच्या या मागणीला जागा दिली नाही. जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती एखाद-दुसरी घालून चाहत्यांना खूश करणे सहज शक्य असताना आठही गाणी नवी ठेवली गेली. अल्बमविषयीच्या नाराजीचे मूळ बरेचसे या निर्णयात आहे, आणि त्याच्याविषयीच्या आदराचेही.

अन्यत्र काय घडले

अशी फाळणी केवळ मुंबईच्या बँडच्या नशिबी आली, असे नाही. जगभरच्या अनुभवात सर्वांत गाजलेले उदाहरण ‘गन्स अँड रोझेस’च्या ‘चायनीज डेमोक्रसी’चे. या बँडच्या स्वतःच्या रचनांचे शेवटचे अल्बम १९९१ चे, आणि इतरांच्या गाण्यांचा एक संग्रह १९९३ चा. त्यानंतर गायक अॅक्सल रोझ वगळता गाजलेल्या संचातील बहुतेक सारे पांगले; गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला. नव्या अल्बमची घोषणा, लांबणीवर पडणे आणि पुन्हा घोषणा हा खेळ इतका चालला, की तो थट्टेचा विषय झाला. २००८ साली ‘डॉक्टर पेपर’ या शीतपेयाच्या कंपनीने जाहीर केले, की त्या वर्षात अल्बम आला तर अमेरिकेतील प्रत्येकाला एक डबा फुकट देऊ. तो नोव्हेंबर २००८ मध्ये खरोखरच आला आणि कंपनीची धांदल उडाली.

अमेरिकेत अल्बम विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. कोणत्याही अन्य बँडने हे यश मिरवले असते. येथे ते अपयश मानले गेले. पंधरा वर्षांच्या प्रतीक्षेची भरपाई करील असे काही संभवतच नव्हते. पण श्रोत्यांचा मुख्य आक्षेप गाण्यांवर नव्हताच. स्लॅश नाही, तर हा बँड कसला, हा तो आक्षेप होता. ‘इव्हॉल्व्ह’च्या वेळीही जयेश गांधी, मार्क सेल्विन या नावांची चुटपुट जुन्या श्रोत्यांना लागणे साहजिक होते. ‘ब्लॅक सॅबथ’चा ‘थर्टीन’ २०१३ मध्ये आला, तेव्हा गायक ओझी ऑस्बोर्नसह ३५ वर्षांनी होणारे हे ध्वनिमुद्रण म्हणून त्याचे कौतुक झाले. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला, जे १९७०च्या ‘पॅरनॉइड’नंतर प्रथमच घडत होते. तरीही मूळ ड्रम्सवादक बिल वॉर्ड त्यात का नाही, हा प्रश्न चाहत्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. बँड म्हणजे नाव की माणसे, याचा निर्णय श्रोता आपापल्या पद्धतीने करतो आणि बहुधा माणसांच्या बाजूने करतो.

‘ईगल्स’चा २००७ सालचा ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’ हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. १९७९ नंतर २८ वर्षांनी आलेल्या या दोन तबकड्यांच्या अल्बमने श्रोत्यांना नेमके तेच दिले, जे त्यांनी मागितले असते. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातील किती गाणी आज आठवतात, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

कधी कधी श्रोत्यांचा आक्षेप संगीताहून तांत्रिक बाजूवर असतो आणि तो ग्राह्यही ठरतो. ‘मेटॅलिका’ने २००८ मध्ये ‘डेथ मॅग्नेटिक’ आणला. आधीच्या अल्बमने निराश झालेल्या चाहत्यांना जुन्या बाजाची गाणी परत मिळाली, पण कानांना त्रास होऊ लागला. आवाज अधिकाधिक मोठा भासावा म्हणून ध्वनीतील चढ-उतार इतके दाबले होते, की आघाताच्या जागी आवाज फाटत होता. गंमत अशी, की हीच गाणी ‘गिटार हीरो’ या संगणकीय खेळात समाविष्ट होती आणि तेथे ती अधिक स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्यांनी दोन्हींची तुलना केली, हजारोंनी सह्या करून नव्याने मिश्रण करण्याची मागणी केली. अल्बमवर अखेरचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सन यांनीही आपल्याकडे आलेला माल आधीच तसा दाबलेला होता, असे सांगितले.

भारतातील याहून विलक्षण उदाहरण कोलकात्याचे आहे. गौतम चट्टोपाध्याय यांनी १९७५ साली स्थापलेल्या ‘मोहीनेर घोडागुली’ या बंगाली बँडने १९७७ ते १९७९ या काळात तीन छोट्या ध्वनिमुद्रिका काढल्या. बाउल, जॅझ आणि रॉक यांचे ते मिश्रण त्या वेळच्या श्रोत्यांच्या पचनी पडले नाही आणि बँड विरून गेला. १९९५ मध्ये चट्टोपाध्याय यांनी तरुण गायक-वादकांना हाताशी धरून ‘आबार बछर कुडि परे’ हा संग्रह काढला. ‘पुन्हा वीस वर्षांनंतर’ असा त्या शीर्षकाचा अर्थ. या वेळी महाविद्यालयीन मुलांनी तो डोक्यावर घेतला आणि पुढील बंगाली बँडच्या लाटेचे बीज त्यात सापडले. येथे वाट पाहणारा श्रोताच नव्हता. मोजण्याचे माप नव्हते, म्हणून निराशाही नव्हती. चट्टोपाध्याय १९९९ मध्ये निवर्तले. बँडची कीर्ती त्यानंतर वाढतच गेली.

पहिली प्रतिक्रिया पुढे उलटल्याचे पडद्यावरचे उदाहरण पुण्याच्या लोकांना जवळचे आहे. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला गेले, की मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची एकेकाळची ‘राजबाग’ लागते. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे चित्रीकरण झालेल्या या जागेवर आज एमआयटी संस्थेचे शैक्षणिक संकुल आणि राज कपूर यांचे स्मारक आहे. १९६४ च्या ‘संगम’नंतर राज कपूर यांच्या पुढच्या चित्रपटाची प्रेक्षकांनी सहा वर्षे वाट पाहिली. दोन मध्यंतरांचा, चार तासांचा ‘मेरा नाम जोकर’ १९७० मध्ये आला आणि सपशेल आपटला. ‘संगम’ मागणाऱ्याला ‘जोकर’ मिळाला होता. ज्या पिढीने ही वाट पाहिली नव्हती, तिने मात्र नंतर त्याला राज कपूर यांच्या श्रेष्ठ चित्रपटांत बसवले. राज कपूर यांनी स्वतः १९७३ च्या ‘बॉबी’त प्रेक्षकांना हवे ते देऊन कर्ज फेडले, हाही या गोष्टीचा उत्तरार्ध आहे.

दाद मोजायची कशी

परदेशी अल्बमच्या बाबतीत विक्रीचे क्रमांक तरी हाताशी असतात. २०१२ च्या भारतात इंग्रजी रॉकसाठी तशी विश्वासार्ह सोयच नव्हती. नभोवाणीच्या खासगी वाहिन्या प्रामुख्याने हिंदी चित्रपटगीतांना वाहिलेल्या, संगीतवाहिन्यांवर संगीत उरलेले नव्हते. दाद समजायची ती मैफलीतून आणि तोंडोतोंडी. त्या मैफलींचे स्वरूपही पालटत होते. २०१० साली पुण्यात कोरेगाव पार्कला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ महोत्सव सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत मगरपट्टा-हडपसर परिसरात, लोणी काळभोरच्या वाटेवरच्या पूर्व पुण्यात, तिकीट काढून भारतीय बँडची स्वतःची गाणी ऐकणारी हजारो तरुण मुले दिसू लागली. १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’ला ज्या श्रोत्यासाठी झगडावे लागले, तो श्रोता आता तयार होता. स्वतःची गाणी वाजवता म्हणून नाक मुरडणारे कोणी राहिले नव्हते. ‘इंडस क्रीड’ने पाडलेल्या वाटेवरून अनेक बँड पुढे गेलेले होते आणि त्या गर्दीत हा बँड परतत होता, पहिलेपणाचा मान इतिहासात जमा झाला होता, चालू खात्यात नव्हे.

अल्बम श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या वाटाही त्या वेळी ढासळत होत्या. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ या नावाने गाणी विकण्याची सेवा सुरू केली, ती जून २०१३ मध्ये बंदही पडली. अॅपलचे आयट्यून्स दुकान भारतात उघडले ते डिसेंबर २०१२ मध्ये. काळा घोडा येथील ‘रिदम हाऊस’, जेथे या पिढीने उभ्या उभ्या कॅसेट ऐकून खरेदी केली होती, ते फेब्रुवारी २०१६ अखेर मिटले. ‘इव्हॉल्व्ह’ आला तो नेमका या सांध्यावर : तबकडी विकत घेण्याची सवय सुटली होती आणि महिन्याच्या वर्गणीत हवे ते ऐकण्याची सवय अजून लागली नव्हती. चार वर्षे आधी किंवा चार वर्षे नंतर तो आला असता, तर अधिक कानांपर्यंत पोहोचला असता, असे मानायला जागा आहे.

२०१२ च्या डिसेंबरमध्येच ‘गन्स अँड रोझेस’ प्रथम भारतात आले. मुंबईच्या मैदानावर अॅक्सल रोझ होता, स्लॅश नव्हता. २०१६ मध्ये स्लॅश बँडमध्ये परतला आणि मे २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मुंबईकरांनी दोघांना एकत्र ऐकले. स्लॅशच्या परतण्यानंतरच्या दौऱ्यांत ‘चायनीज डेमोक्रसी’मधील गाणीही वाजत राहिली. ज्याच्या गैरहजेरीमुळे श्रोत्यांनी तो अल्बम नाकारला, तोच आता त्यातील गिटारचे तुकडे वाजवतो आणि त्या गाण्यांना टाळ्या पडतात. ‘इंडस क्रीड’च्या वाट्याला असा नाट्यमय फेरा आलेला नाही. त्यांची आठ गाणी आज ज्याला सापडतात, त्याला ती बहुधा १९९५ आणि २०१२ यांमधील अंतर ठाऊक नसतानाच सापडतात.